आष्ट्याचं विरजण

आमचे हे पलटणीत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले, घरी आले, आणि तिसऱ्या महिन्यात माझं बीपी वाढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणते.

बावीस वर्षं साताऱ्यातलं घर मी एकटीनं चालवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग, घरी आधी सासूबाईंचं दुखणंखुपणं, मग मुलीचं शिक्षण. ती आता पुण्याला कॉलेजात आहे. हे वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचे. यायची तारीख कळली की मी घर आवरायला घ्यायचे आणि यांची गाडी सुटली की पुन्हा पसरू द्यायचे. त्यामुळं आपलं घर कायम आवरलेलंच असतं, अशी यांची भाबडी समजूत होती. कायमचे घरी आल्यावर ती चार दिवसांत गेली.

मग शिस्त आली. दारातल्या चपला एका रेषेत लागल्या. पहाटे पाचला चहा व्हायला लागला. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणं उभे राहिले, आणि जी मोहरी मला डोळे मिटून सापडायची ती डोळे उघडे ठेवूनही सापडेना. दर रविवारी सकाळी इन्स्पेक्शन. हे स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायचे, खाली उतरायचे आणि ते बोट माझ्यासमोर धरायचे. बोलायचे काही नाहीत. मी चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प बसवते. माझ्यापुढं बोट धरणारा माणूस मला नवीन होता.

त्याच सुमारास यांच्या पलटणीतला एक दोस्त पुण्याहून दर रविवारी फोन करायला लागला. हडपसरला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची जागा होती, राहायला खोली होती. "गणपती झालं की ये, तवर जागा धरून ठेवतो," म्हणायचा. हे "बघतो" म्हणायचे आणि फोन ठेवून माझ्याकडं बघायचे. मी भाजी निवडत राहायचे. 'जाऊ नका' हे मी बावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नव्हतं. फौजीच्या बायका म्हणत नाहीत. त्या लाडवांचा डबा भरून देतात, स्टँडवर गाडी हलेपर्यंत उभ्या राहतात आणि घरी येऊन धुण्याला बसतात. शिवाय खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाच वाटायचं, गेले तर बरं. निदान मोहरी तरी सापडेल.

बीपीवर डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले आणि उठता उठता म्हणाले, "घरात मासे पाळा. रोज थोडा वेळ बघत बसलं की मन शांत होतं." मी ते हसण्यावारी नेलं. यांनी नेलं नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणजे ती ऑर्डर, आणि ऑर्डर निघाली की अंमलबजावणी त्याच दिवशी.

पोवई नाक्याच्या पुढं एका बोळात माशांचं दुकान आहे. मालक साठीचे, पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी आपलं काचेचं गोल भांडं बघून ठेवलं होतं, एक मासा, दोन शिंपले, टीव्हीशेजारी मावेल असं. चाचांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "ताई, ह्यात लोणचं ठेवा. मासा गुदमरून मरतोय ह्यात. पाणी जेवढं जास्त तेवढं सांभाळायला सोपं." मला हे उलटं वाटलं, पण यांना एकदम पटलं. मोठं ते चांगलं, असं यांचं सगळ्याच बाबतीत असतं. दोन फुटांची टाकी ठरली.

मग मासे. गोल्डफिशला यांनी नापास केलं, पोट सुटलेलं होतं म्हणून. गप्पी फार रंगीबेरंगी. काळ्या मॉलीजपाशी हे थांबले. सगळ्या एका रंगाच्या, एका उंचीच्या, पोहायला चपळ. "दहा द्या," हे म्हणाले. "एक सेक्शन दहाची असते."

"आज न्हाई मेजर," चाचा म्हणाले. साताऱ्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. "आज टाकी न्या. पाणी भरा, मोटर चालू ठेवा. महिनाभर पाणी मुरू द्या. मग या मासे न्यायला."

"पाणी मुरायला ते काय लोणचं हाय?" हे म्हणाले. "आन् महिनाभर हिनं रिकामं पाणी बघायचं? बीपी हाय तिला."

चाचांनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा "बरं, चार न्या" म्हटलं, आणि आम्ही दहा घेऊन बाहेर पडलो. निघताना चाचा एवढंच म्हणाले, "लय धुवाधुवी करू नका." यांना तो दुकानदाराचा आळस वाटला.

टाकी कशावर ठेवायची हा पुढचा प्रश्न. पाणी भरलं की तिचं वजन ऐंशी किलोच्या घरात जातं, असं चाचांनी बजावलं होतं. दुकानातला लोखंडी स्टँड यांनी हलवून बघितला होता. तो किंचित हलला होता, तेवढ्यावर तो बाद झाला. आमच्या घरी यांच्या दोन काळ्या ट्रंका होत्या, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेल्या, काश्मीरपासून आसामपर्यंत फिरून आलेल्या. एक रिकामी होती, ती यांनी आल्या आल्या माळ्यावर टाकली होती. दुसरी भरलेली, गणवेश, गरम कपडे, पदकं आणि बुटांच्या पॉलिशसकट. ती भरलेली ट्रंक हॉलमध्ये भिंतीला लागली. तिच्यावर प्लाय, प्लायवर थर्माकोल, थर्माकोलवर टाकी. शेजारच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत ट्रंकेखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले.

खडी सात पाण्यांनी धुतली. टाकीत प्लॅस्टिकचा छोटा विलायती किल्ला ठेवायची पद्धत आहे, पण साताऱ्यात राहून विलायती किल्ला ठेवणं यांना पटेना. म्हणून अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरून काळे दगड आणून एक बुरूज रचला. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून पाणी एक दिवस पिंपात ठेवलं होतं. सगळं कसं नियमात. संध्याकाळी दिवा लागला, मोटरीचे बुडबुडे सुरू झाले, दहा काळे मासे बुरुजाभोवती फिरू लागले, आणि मला मान्य करायला हवं, मी अर्धा तास काही न बोलता बसले. यांनी दोनदा विचारलं, "बरं वाटतंय का?" खरंच बरं वाटत होतं.

मग रविवार आला.

इन्स्पेक्शनमध्ये यांना काचेवर बोटभर बुळबुळीतपणा आढळला. टाकी उपसली. मासे बादलीत गेले. खडी परातीत, दगड न्हाणीत. पलटणीच्या मेसमध्ये पालेभाजी ज्या लाल औषधाच्या पाण्यात धुतात, ते औषध यांच्याकडं पुडीत होतं. त्या पाण्यातून सगळं काढलं. फिल्टरच्या आत एक स्पंज असतो, पाणी त्यातून गाळून येतं. तो जरा तपकिरी झाला होता. हे नळाखाली ब्रश घेऊन बसले आणि दुकानातल्यासारखा पांढरा होईपर्यंत उठले नाहीत. टाकी पुन्हा भरली. काच इतकी स्वच्छ झाली की आमचं मांजर तिच्यावर आपटलं.

बुधवारपर्यंत दोन मासे गेले.

"कुठंतरी घाण राहिली असणार," हे म्हणाले, आणि बुधवारीच पुन्हा टाकी धुतली. शनिवारी आणखी दोन. मग रविवारी धुतली, कारण रविवार होता. पुढच्या आठवड्यात आणखी तीन. जितके मासे मरत तितकी धुलाई वाढे, आणि जितकी धुलाई वाढे तितके मासे मरत. यांना यातली फक्त पहिली बाजू दिसायची. मेलेला प्रत्येक मासा हे परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा काढून पुरायचे, वर माती सारखी करायचे आणि क्षणभर सरळ उभे राहायचे. कढीपत्ता त्या पावसाळ्यात असा फुटला की शेजारणी मागून न्यायला लागल्या.

तीन मासे उरले आणि माझा तोल सुटला. शाळेत तपासणी होती, मी सकाळी घाईत होते, आणि न्हाणीत बादलीत तीन मासे, परातीत खडी, हे ब्रश घेऊन उकिडवे.

"आवं, किती धुणार हाय?" मी म्हणाले. "घर म्हंजे बराक न्हवं. मला सोडलं न्हाई, त्या मुक्या जिवांना बी सोडलं न्हाई. बावीस वर्सं चाललं न्हवं हे घर तुमच्याबिगर? त्यापरीस जावा तुमी पुण्याला."

यांनी ब्रश खाली ठेवला. "बरं," म्हणाले.

तेवढंच. त्यानंतर घर गप्प झालं. चहा पाचला होईना. दारात माझी चप्पल उलटी पडली होती, हे तिला ओलांडून गेले. रविवारी स्टूल जागचं हललं नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मी पहाटे पाचला आपोआप जागी होऊन चहाच्या कपाचा आवाज ऐकत पडून राहायचे. दोस्ताचा फोन आला तेव्हा यांनी "बघतो" म्हटलं नाही, "गणपतीनंतर निघतो" म्हटलं. या खेपेला फोन ठेवून माझ्याकडं बघितलंही नाही. बावीस वर्षं मी या माणसाला निरोप दिले, पण घालवून कधी दिलं नव्हतं. ते मी एका वाक्यात केलं होतं. माणूस जाणार होता आणि तो माझ्या तोंडामुळं जाणार होता.

माफी मागायची आम्हा दोघांनाही सवय नाही. म्हणून मी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि शाळा सुटल्यावर चाचांकडं गेले. निदान उरलेले तीन मासे तरी वाचवावेत.

चाचांनी बाटली उजेडात धरली. "लय सोच्छ पाणी हाय," ते काळजीनं म्हणाले. "स्पंज धुता काय?"

"दर रविवारी. मधल्या वारी बी. लाल औषधानं."

चाचा खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, मासा पाण्यातच खातोय आन् पाण्यातच घाण करतोय. त्या घाणीचं इष हुतंय. त्या स्पंजात बारीक जंतू ऱ्हातेत, ते त्ये इष खाऊन टाकतेत. ते जंतू वाढाया महिना लागतोय. मेजर दर आठवड्याला त्यांचा निकाल लावतेत."

मी चौथीला विज्ञान शिकवते. दुधाचं दही करणारे सूक्ष्मजीव हा धडा दरवर्षी घेते. "म्हंजे विरजणच की," मी म्हणाले.

"व्हय. तसंच समजा."

"मग तुमच्या टाकीतलं द्या थोडं."

चाचांनी मान हलवली. "माझं नको. हितं रोज नवा माल येतोय, कुठला रोग कुठनं ईल सांगता येत न्हाई. घरातल्या जुन्या टाकीतलं आणा, माणसं वळखीची असत्याली तिथलं."

जुनी टाकी माझ्या माहेरी होती. आष्ट्याला. माझ्या भाच्याला दहावीत असताना माशांचं वेड लागलं होतं. तो हॉस्टेलला गेला, वेड गेलं, टाकी राहिली. सहा वर्षांत तिला कुणी धुतलेलं नाही. वहिनी जाता-येता चिमूटभर खाणं टाकते आणि पाणी कमी दिसलं की तांब्याभर ओतते. काचेवर शेवाळ, आत हिरवा अंधार, आणि त्या अंधारात तळहाताएवढे तुकतुकीत मासे. मागच्या दिवाळीत आमच्या ह्यांनी त्या टाकीसमोर उभं राहून "हे काय गटार ठेवलंय?" असं सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारची सांगलीची एस्टी धरली. यांना एवढंच सांगितलं की माहेरी जाऊन येते. "बरं," म्हणाले. कराडात गाडी अर्धा तास थांबली, पेठ नाक्यावर पुन्हा थांबली, आणि आष्ट्याला घरी पोचायला दिवेलागण झाली. वहिनी देवापुढं निरांजन लावून बाहेर येत होती. मी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "वैनी, तुमच्या टाकीतलं जरा विरजण पायजे." मग मासे, जंतू, चाचा, लाल औषध, सगळं सांगितलं. वहिनीनं नीट ऐकून घेतलं.

"मिळंल की वन्सं," ती म्हणाली. "पण सकाळी. दिवा लागल्यावर विरजण देत न्हाईत."

"आवं, खरं विरजण न्हवं ते. टाकीतला गाळ हाय."

"तुमीच म्हणला न्हवं विरजण म्हणून? दिवा लागल्यावर दिलेलं धड लागत न्हाई आन् देणाराचं बी जातंय. माझे मासे सहा वर्सं धडधाकट हायत."

मी चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगते की असल्या समजुतींना आधार नसतो. त्या दिवशी मी ब्र काढला नाही. माझ्या घरात काहीतरी लागायची गरज होती आणि मला कसलाच धोका पत्करायचा नव्हता. मी मुक्काम केला. यांना फोन करून कळवलं. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवतील असं वाटत असताना म्हणाले, "मासे तिघंबी हायत." आठ दिवसांत यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

सकाळी अंघोळ करून वहिनीनं टाकीत हात घातला. स्पंज बाहेर आला तो काळाकुट्ट, त्यातून गाळ ठिबकत होता. दुधाच्या किटलीत टाकीतलं पाणी घेऊन तिनं तो त्यात सोडला. आपल्या फिल्टरला भाच्यानं आणून ठेवलेला दुसरा नवा स्पंज बसवला, पण आधी जुना त्याच्यावर पिळला, आपल्याला राहावं म्हणून. "दाजींना चालंल न्हवं गटारातलं?" असं विचारायलाही ती विसरली नाही. सोबत शेंगाची चटणी दिली, भाकरी दिल्या, आणि वेगळ्या डब्यात खरं विरजणही दिलं, आलेच आहे तर असू दे म्हणून.

जंतूंना हवा लागते, झाकण घट्ट लावू नका, असं चाचांनी बजावलं होतं. म्हणून मी किटली मांडीवर घेऊन झाकण अर्धं उघडं ठेवून बसले. पेठ नाक्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ऊन वाढलं. कंडक्टरनं येऊन नाक मुरडलं आणि विचारलं, "बाई, काय हाय किटलीत?"

"विरजण."

त्यानं आत डोकावून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, पण सरकारी नोकर असल्यानं तो काही बोलला नाही. शेजारी बसलेल्या आजींना मात्र राहवलं नाही. "बया, ह्येचं दही कुणाला घालणार हायस?"

"आमच्या मालकांच्या टाकीत," मी म्हणाले. त्या उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. कराडपासून साताऱ्यापर्यंत माझ्या सीटवर दुसरं कुणी बसलं नाही, त्यामुळं प्रवास सुखाचा झाला.

घरी हे अंगणात होते. मी किटली समोर ठेवली. यांनी वाकून बघितलं, वास घेतला आणि मागं सरले.

"ह्ये काय?"

"आष्ट्याच्या टाकीतला स्पंज. आपल्या टाकीत घालायचा हाय."

"त्या गटारातला? माझ्या टाकीत?"

इथं मी वाटेत घोकत आलेलं सगळं विज्ञान विसरले. जंतू, विष, महिना, काही आठवेना. जे आठवलं ते यांनीच कधीतरी सुट्टीत सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "तुमी नव्या पोस्टवर जाता तवा जुनी पलटण लगेच निघून जाते का?"

"न्हाई. हँडिंग-टेकिंग असतंय. जुनी माणसं आठ-धा दिवस संगं ऱ्हातेत. वाटा दावतेत, पाणी कुठं, धोका कुठं. त्याबिगर पोस्ट ताब्यात घेत न्हाईत."

"मग ह्ये त्येच हाय. ही जुनी माणसं हायत. आपल्या टाकीत समदी नवी भरती. आन् जरा रुळली की तुमी लाल औषधानं मारून टाकता."

हे किटलीपाशी उकिडवे बसले. मग हळू म्हणाले, "आदी सांगायचं न्हवं." आणि थोड्या वेळानं, किटलीकडंच बघत, "घराचं हँडिंग-टेकिंग मला कुणी दिलंच न्हाई. आलो तवा समदं चालू हुतं. माझ्याबिगर. मग जे दिसलं ते पुसाय लागलो."

मला रडू आलं. अंगणातच, हातात चटणीचा डबा घेऊन. हे काय म्हणतात ते मला बावीस वर्षांत सुचायला हवं होतं, निदान गेल्या चार महिन्यांत. त्या टाकीवर यांचा एवढा जीव का होता तेही मला तेव्हा कळलं. या घरात यांच्या येण्याआधीपासून चालू नसलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"मी त्या दिवशी रागात बोलले," मी म्हणाले. "तुमी जाऊ नका."

यांनी मान वर केली. अशी ऑर्डर यांना कधी मिळालेली नव्हती. "बघू," म्हणाले. "आदी ह्यांना तर आत घालू. ऊन लागतंय."

काळा स्पंज यांनी स्वतःच्या हातानं फिल्टरमध्ये बसवला, तोंड दुसरीकडं करून. दोन दिवस पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. हे खुर्ची टाकून समोर बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि मधूनच एक हात ब्रश असल्यासारखा हलायचा. चाचांच्या सांगण्याप्रमाणं आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. यांनी कागदावर 'धुण्यास मनाई' असं लिहून टाकीला चिकटवलं. तो कागद माझ्यासाठी नव्हता.

आणि त्या आठवड्यात मी घर ताब्यात दिलं. खोलीवार. मागच्या दाराची कडी वर उचलून मग सरकवायची. पाण्याची मोटर सुरू करण्याआधी वरच्या मजल्यावरच्यांना हाक मारायची. दूधवाल्याला मंगळवारी जास्तीचं सांगायचं, कारण मंगळवारी माझा उपास. मुलीचा फोन आला की आधी 'जेवलीस का' विचारायचं नाही, ती चिडते. हे हात मागं बांधून माझ्या मागनं फिरत होते आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. मसाल्याच्या कपाटापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शेवटी मोहरी तिच्या जुन्या जागी गेली आणि बाकीचे डबे उंचीप्रमाणं राहिले. शेवटी यांनी विचारलं, "सही कुठं करू?" मी ओला हात पुढं केला, यांनी तो हातात घेतला.

पाणी निवळलं. नुसतं स्वच्छ नव्हे, वेगळंच, जरासं सोनेरी. तीन मासे तीनच राहिले. मग गौरी बसल्या त्या सकाळी हे मला हाक मारत स्वयंपाकघरात आले आणि कुजबुजत म्हणाले, "भरती झाली." बुरुजाच्या दगडांत मोहरीएवढे डोळे असलेली पिल्लं दडून बसली होती. यांनी मोजायचा प्रयत्न केला, पण ती एका रांगेत थांबेनात. माझं बीपी विचाराल तर ते आहे तिथंच आहे, गोळी चालू आहे.

आष्ट्याची किटली परत द्यायची होती आणि रिकामं भांडं परत द्यायची आमच्याकडं रीत नाही. पिल्लं जरा मोठी झाली तेव्हा हे स्वतः एस्टीनं आष्ट्याला गेले, मांडीवर किटली, झाकण अर्धं उघडं, आत चार पिल्लं. वहिनीच्या टाकीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, "पाणी झकास हाय वैनी," म्हणून आले.

पण त्याआधी गणपती गेले, आणि त्यानंतरच्या रविवारी दोस्ताचा फोन आला. हे टाकीसमोर बसले होते, फोन स्पीकरवर. मी आत फोडणी करत होते. मी गॅस बारीक केला.

"काय रं, निघतोस कवा?"

"न्हाई जमायचं गड्या."

"का रं? काय झालं?"

"ट्रंक अडकलीया."

"म्हंजे?"

"ट्रंकेवर माशांची टाकी हाय. ट्रंक काढायची तर टाकी उपसाय लागंल. आत बारकी पिल्लं हायत. पाणी आत्ता कुठं बसलंय."

दोस्तानं विचारलं, "दुसरी ट्रंक न्हाई व्हय घरात?"

"न्हाई," हे म्हणाले.

मी गॅस मोठा केला आणि मोहरी टाकली. ती हाताशीच होती.

दुसरी ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, तेवढ्याच मापाची, रिकामी. ती यांनीच वर टाकली होती. दिवाळीला मी माळा झाडून काढला आणि झाडून झाल्यावर तिच्यावर एक जुनी गोधडी घातली, खालून दिसू नये म्हणून. हे खाली स्टूल धरून उभे होते. गोधडीचा एक कोपरा लोंबत होता, तो तेवढा आत खोच म्हणाले.